परसातले नवे तळे: पाणी आधी सुरक्षित, मग नितळ

परसात नवे तळे बांधून त्यात मासे सोडणाऱ्या बहुतेकांची पहिली तक्रार पाणी हिरवे झाल्याची असते. त्यावर सगळे पाणी उपसायचे, तळे घासायचे आणि पुन्हा भरायचे हा उपाय बहुतेकांना सुचतो, पण नेमक्या त्यानेच ती तक्रार लांबते. नितळ दिसणारे पाणी आणि माशांना मानवणारे पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माशांनी पाण्यात टाकलेल्या विषारी अमोनियाला रंग नसतो, त्यामुळे तळ स्पष्ट दिसणाऱ्या पाण्यातही मासे दगावू शकतात, आणि गर्द हिरव्या पाण्यात ते महिनोन्‌महिने खुशाल राहू शकतात. म्हणून पहिले दोन महिने लक्ष पाण्याच्या रंगाकडे कमी आणि तपासणीकडे अधिक द्यावे.

पुणे, नाशिक किंवा साताऱ्याकडच्या हवामानात तळे सुरू करण्यासाठी पावसाळ्यानंतरचा काळ सर्वांत सोयीचा पडतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात फिल्टरमधले, अमोनियाचा निचरा करणारे जिवाणू वेगाने वाढतात, पुढे थंडीत शेवाळाचा जोर ओसरतो आणि उन्हाळ्याची परीक्षा येईपर्यंत तळे स्थिरावलेले असते. जागा निवडताना दिवसातून पाच-सहा तास ऊन मिळेल, पण पिंपळ, उंबर किंवा आंब्याची पाने थेट पाण्यात गळणार नाहीत, असे पाहावे. उदाहरणादाखल ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि ७५ सेंटिमीटर खोल तळे घेतले, तर त्यात ४,५०० लिटर पाणी मावते. याहून उथळ तळे एप्रिल-मे महिन्यांत फार तापते आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे साडेसात. काठ भोवतालच्या जमिनीपेक्षा निदान १५ सेंटिमीटर उंच ठेवावा, म्हणजे पहिल्याच वळवात अंगणातली माती आणि बागेतले खत वाहून आत येणार नाही. घरात लहान मुले असतील तर पाण्याच्या पातळीखाली भक्कम जाळी बसवणे टाळू नये.

तळे सिमेंटचे असेल तर नव्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरतो आणि पीएच (पाणी आम्ल की अल्क ते सांगणारा आकडा; ७ म्हणजे उदासीन) दहाच्याही वर जाऊ शकतो, जे माशांसाठी घातक आहे. तळे भरून पाच-सात दिवस ठेवावे, रिकामे करून घासावे आणि हे तीन-चार वेळा करावे. पूर्वापार पद्धतीत या पाण्यात केळीच्या खांबाचे तुकडे कुजत ठेवतात. तसे केल्यास नंतर तळे नीट धुऊन काढावे. भरून ठेवलेल्या पाण्याचा पीएच साडेआठच्या खाली टिकू लागला की हे काम झाले. भिंतींना माशांसाठी सुरक्षित असा लेप दिला किंवा प्लास्टिकचे जाड अस्तर अंथरले, तर या साऱ्यातून सुटका होते, आणि खर्च परवडत असेल तर तेच करावे.

नळाच्या पाण्यातला क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना इजा करतो आणि फिल्टरमधले जिवाणूही मारतो. पहिल्या भरणीचे पाणी उघड्यावर, शक्यतो कारंजे चालू ठेवून, दोन दिवस राहू दिले तर क्लोरीन उडून जातो. घाई असल्यास हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, वापरावे. लिटरमागे १ मिलिग्रॅम क्लोरीन असेल तर १,००० लिटरला सुमारे ७ ग्रॅम पुरते. पठारावरच्या बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्यात क्लोरीन नसला तरी प्राणवायूही फारसा नसतो, म्हणून तेही खेळवूनच वापरावे. कोकणात जांभ्यातल्या विहिरीचे पाणी याउलट मऊ असते. जिवाणूंकडून अमोनियाचे रूपांतर होताना पाण्यातली अल्कता, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारे क्षार, खर्ची पडते, आणि मऊ पाण्यात ती मुळातच थोडी असल्याने पीएच अचानक कोसळू शकतो. ती भरून काढायला तिथे तिसऱ्यांची (शिंपल्यांची) धुतलेली टरफले पिशवीत भरून फिल्टरमध्ये ठेवावीत.

फिल्टरसाठी महागडी पेटी लागतेच असे नाही. २०० लिटरच्या ड्रममध्ये आधी गाळ अडवणारे ब्रश किंवा जाड फोम आणि त्यानंतर जिवाणूंना बसायला जागा देणारे सच्छिद्र खडे किंवा पक्क्या विटेचे तुकडे भरले, की चांगला फिल्टर तयार होतो. पंपाने तळ्यातले सगळे पाणी दोन तासांत एकदा तरी फिल्टरमधून फिरवले पाहिजे; म्हणजे वरच्या तळ्याला तासाला २,२५० लिटर, आणि तेही खोक्यावर छापलेल्या आकड्याने नव्हे, तर जितक्या उंचीवर पाणी चढवायचे आहे तितक्या उंचीला. विजेची बचत म्हणून रात्री पंप बंद ठेवणे हा खोटा काटकसरीपणा आहे, कारण प्रवाह थांबला की फिल्टरमधले जिवाणू काही तासांत प्राणवायूअभावी मरू लागतात.

या जिवाणूंवरच सगळे अवलंबून आहे. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतात. जिवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. पहिली दोन द्रव्ये विषारी आहेत, तिसरे बरेच निरुपद्रवी आहे आणि वनस्पतींचे खाद्य आहे. हे दोन्ही गट पुरेसे वाढायला २५ अंशांच्या आसपासच्या पाण्यात चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत त्याहून जास्त. माशांशिवाय सुरुवात करायची असेल तर रोज चिमूटभर खाद्य पाण्यात टाकून अमोनिया तयार होऊ द्यावा. ओळखीच्या कोणाकडे निरोगी माशांची जुनी टाकी असेल, तर तिच्या फिल्टरमधला स्पंज मागून आणून आपल्या ड्रममध्ये ठेवावा. दुधाला विरजण लावावे तसे हे काम करते आणि कित्येक दिवस वाचतात. बाटलीबंद जिवाणूंचे परिणाम कमी-अधिक येतात, त्यांच्या भरवशावर मासे आणू नयेत.

अमोनिया, नायट्राइट आणि पीएच तपासणारे थेंबांचे संच माशांच्या दुकानात मिळतात, आणि संगमरवरी कारंज्याआधी त्यांच्यावर पैसे खर्च करावेत. अमोनियाचा आकडा पीएचसोबत वाचला पाहिजे. २५ अंशांना पीएच ७ असताना एकूण अमोनियाचा एक टक्काही भाग विषारी रूपात नसतो, पीएच ८ ला तो सुमारे ५ टक्के आणि पीएच ९ ला ३५ टक्क्यांच्या पुढे जातो. हिरव्या पाण्यातले शेवाळ दिवसभर कार्बन डायऑक्साइड शोषते, त्यामुळे दुपारी पीएच चढतो. सकाळी निर्धोक वाटलेले पाणी चार वाजता तसे राहिलेले नसते. म्हणून तपासणी केवळ सकाळी करू नये. अमोनिया वाढला तर खाद्य थांबवून तळ्याचे पाव पाणी बदलावे. नायट्राइट वाढले तर त्याखेरीज १,००० लिटरला १ किलो साधे खडे मीठ विरघळवून टाकावे, कारण मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून रक्तात शिरू देत नाही.

मासे थोडे आणि टप्प्याटप्प्याने सोडावेत. ४,५०० लिटरच्या तळ्यात सुरुवातीला पाच-सहा गोल्डफिश पुरे. कोई पिल्ले असताना बोटाएवढी दिसतात, पण ती ६० सेंटिमीटरपर्यंत वाढतात, म्हणून प्रत्येकी निदान हजार लिटर पाणी आणि मीटरभर खोली देता येत नसेल तर तो मोह सोडावा. दुकानातून आणलेली पिशवी तळ्यात १५-२० मिनिटे तरंगत ठेवावी, तिच्यात थोडे थोडे तळ्याचे पाणी मिसळावे आणि मग जाळीने केवळ मासे सोडावेत. पिशवीतले पाणी तळ्यात ओतू नये. पहिले काही आठवडे दिवसातून एकदाच, दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच खाद्य द्यावे. मासे नेहमीच भुकेले दिसतात, त्याला भुलू नये.

आता रंगाविषयी. हिरवे पाणी म्हणजे सुटे तरंगणारे एकपेशीय शेवाळ. त्याला ऊन आणि खाद्य हवे असते आणि नव्या तळ्यात दोन्हींना दुसरा वाटेकरी नसतो. पाणी बदलले की शेवाळाला ताजी क्षारांची शिदोरी मिळते, म्हणून ते आठवड्यात परत येते. उपाय वाटेकरी वाढवणे हा आहे. कुमुदाच्या पानांनी आणि इतर वनस्पतींनी निम्मा ते दोन तृतीयांश पृष्ठभाग झाकला जाईल असे पाहावे, आणि पाण्याखाली हायड्रिला किंवा व्हॅलिस्नेरिया लावावी. कुमुद चिकण काळ्या मातीत लावून वर वाळूचा थर द्यावा. शेणखत किंवा गांडूळखत घातले तर ते शेवाळालाच पोसते. जलपर्णी क्षार झपाट्याने शोषते हे खरे, पण पवना, इंद्रायणी आणि पंचगंगेची तिने काय दशा केली आहे ते सर्वांसमोर आहे. लावलीच तर काढलेली रोपे वाळवून कंपोस्टमध्ये घालावीत, ओढ्यात कधीही टाकू नयेत.

धीर धरवत नसेल तर फिल्टरच्या वाटेवर अतिनील दिवा बसवावा. त्याखालून जाणारे शेवाळ मरते, त्याचे पुंजके होतात आणि ते फिल्टरमध्ये अडकतात. दिवा पेटलेला दिसत असला तरी वर्षभरात त्याची अतिनील किरणे क्षीण होतात, म्हणून तो दर वर्षी बदलावा लागतो. मोरचूद टाकून पाणी साफ करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मानू नये. मोरचुदातले तांबे माशांना विषारी आहे, मऊ पाण्यात विशेषच, आणि एकदम मेलेले शेवाळ कुजताना उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकते.

दुधट पांढरेपणा बहुधा जिवाणूंच्या अचानक वाढीने येतो आणि खाद्य कमी केले की आपोआप जातो. चहासारखा रंग कुजलेल्या पानांचा असतो; पाने काढावीत आणि फिल्टरमध्ये सक्रिय कोळशाची पिशवी ठेवावी. गढूळपणा मातीचा असेल तरच तुरटी उपयोगी पडते: १,००० लिटरला १५ ते २० ग्रॅम, आधी बादलीत विरघळवून. तुरटी पीएच उतरवते, म्हणून मऊ पाण्यात ती फार जपून वापरावी आणि आधी एका बादलीभर पाण्यावर प्रयोग करून पाहावा.

हिरवेपणा ओसरल्यावर भिंतींवर केसाळ शेवाळ दिसू लागते. ते खरवडून तळे चकचकीत करण्याची गरज नाही, कारण तेही क्षार शोषते. लांब तंतू तेवढे काठीला गुंडाळून काढावेत. फिल्टर तुंबला तर फोम तळ्याच्याच पाण्यात खळबळावा, नळाखाली धुऊ नये. उन्हाळ्यात पातळी उतरते तेव्हा केवळ भर घातल्याने क्षार साचत जातात, म्हणून आठवड्याला दहावा हिस्सा पाणी काढूनच नवे घालावे. काढलेले पाणी झाडांना उत्तम. डासांसाठी महापालिकेचे कर्मचारी तपासणीला आले तर हलते पाणी आणि अळ्या खाणारे गप्पी मासे दाखवता आले पाहिजेत. मात्र हे गप्पी, गोल्डफिश किंवा कोई नदीत वा सार्वजनिक विहिरीत सोडू नयेत. पावसाळ्यापूर्वी जादा पाणी बाहेर नेणाऱ्या नळाच्या तोंडाशी बारीक जाळी बांधावी, आणि खंड्या किंवा वंचक काठावर बसू लागला असेल तर वरही जाळी ताणावी.