बाजारातली म्हैस टेम्पोतून धडधाकट घरी कशी आणावी

चाकणच्या शनिवारच्या बाजारात टेम्पोंच्या रांगेपाशी गेलात की एक सल्ला हमखास मिळतो: "अजून एक घ्या की मालक, दाटीनं उभी केली की पडत नाहीत." हा सल्ला ऐकू नका. गाई-म्हशी उभ्यानं प्रवास करतात. गाडी वळली किंवा ब्रेक लागला की तोल सावरायला त्यांना पाय फाकावे लागतात, आणि त्याला जागा लागते. दाटीत एखादी घसरली की तिला उठायला वाव उरत नाही आणि शेजारणीचे खूर तिच्या कासेवर, मांडीवर पडत राहतात. घरी पोचल्यावर फाळका, म्हणजे गाडीची मागची झडप, उघडतो तेव्हा ती बसलेली दिसते आणि लोक म्हणतात, दमली असेल.

म्हैस पारखून झाली, सौदा ठरला, पैसे दिले, हे सगळं झालं असं धरून पुढचं सांगतो.

कागद तीन. बाजार समितीची खरेदीची पावती, कानातला बारा अंकी बिल्ला आणि पशुवैद्यकाचा दाखला. जनावरांच्या वाहतुकीचे १९७८चे केंद्रीय नियम हा दाखला मागतात: जनावर प्रवासाला तंदुरुस्त आहे आणि त्याला संसर्गजन्य रोग नाही. डॉक्टरांनी जनावराला हात लावून, ताप बघून सही केलेली असावी. आधीच सही मारून ठेवलेला दाखला कुणी काढून देत असेल तर तो घेऊ नका. २०२२ साली लम्पी आली तेव्हा अशी न तपासलेली जनावरं कुठून कुठे गेली आणि काय घेऊन गेली, हे आपण बघितलं आहे. याच नियमांप्रमाणे पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन, जनावरं किती आणि बरोबर वैरण किती, एवढं लिहिलेली चिठ्ठी आणि प्रथमोपचाराची पेटी गाडीत लागते. कागदांचा एक संच ड्रायव्हरजवळ द्या आणि त्याचे फोटो स्वतःजवळ ठेवा. रस्त्यात कुणी अडवलं तर हुज्जत घालायची नाही. कागद दाखवायचे, प्रकरण हातघाईवर जातंय असं वाटलं तर ११२ लावायचा.

आता गाडी. नियमात मोठ्या जनावरामागे दोन चौरस मीटर जागा सांगितली आहे, म्हणजे साडेएकवीस चौरस फूट. बाजारात मीटरपट्टी घेऊन जा आणि हौदा आतून मोजा. छोटा हत्ती साधारण सात फूट लांब आणि पावणेपाच फूट रुंद भरतो, म्हणजे त्यात एकच जनावर. मोठी मुऱ्हा जातीची म्हैस असेल तर माझ्या मते तेही नको, कारण बाजू बुटक्या आणि गाडी हलकी. पिकअपचा हौदा साधारण नऊ बाय साडेपाच, त्यात दोन. चौदा फुटी आयशरमध्ये चार. ट्रक कितीही लांब असला तरी १९७८च्या नियमांप्रमाणे एका गाडीत सहाच्या वर मोठी जनावरं नेता येत नाहीत, आणि प्रत्येक गाडीत जनावरं सांभाळणारा एक माणूस लागतो. ड्रायव्हर त्यात धरायचा नाही.

१ जानेवारी २०१६पासून मोटार वाहन नियमांतही हेच आलं आहे. जनावरांच्या गाडीत प्रत्येकासाठी कायमचा कप्पा हवा, गाईम्हशीला दोन चौरस मीटर, शेळी-मेंढीला ०.३, आणि अशा गाडीला आरटीओचा वेगळा परवाना. या गाडीत दुसरा माल भरायचा नाही. टेम्पोवाला "वर दोन पोती पेंड टाकतो" म्हणाला तर नाही म्हणा. परवाना असलेली गाडी थोडं जास्त भाडं घेते, ते द्या. पन्नास-साठ हजारांचं जनावर आणताना हजार रुपयांवर घासाघीस करण्यात अर्थ नाही.

कुणी सांगेल की दंड नगण्य आहे. खरंच आहे. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड लिहिलेला आहे. पण मोडलेला पाय आणि फाटलेला सड त्या दंडात मोजलेले नाहीत, आणि ते दुखणं त्या मुक्या जिवाचं असतं. दंडाकडे बघून नियम पाळायचा की नाही हे ठरवणाऱ्या माणसाला मी जनावर विकत नाही.

निघण्याआधी वैरण-पाणी करा. "पोट रिकामं ठेवा, गाडी घाण होत नाही" हा सल्लाही तितकाच वाईट आहे, आणि चढवण्याआधी चारा-पाणी द्यावं असं नियमच सांगतात. विकणाऱ्यानं भाव यावा म्हणून कास तुंबवून ठेवलेली असते, ती आधी मोकळी करा. तटलेल्या कासेनं म्हैस नीट पाय टाकत नाही. दिवस भरत आलेली गाभण शक्यतो आणूच नका. आणायचीच असेल तर लहान जनावरांत मिसळू नका.

यापुढची पायरी चढवण्याची. मला स्वतःला सगळ्यात जड गेली ती हीच, आणि सगळ्यात जास्त मार जनावर इथेच खातं. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

म्हैस अडते ती हट्टीपणानं नाही. तिला पुढचं नीट दिसत नाही म्हणून अडते. बाहेर लख्ख ऊन आणि हौद्यात अंधार असेल तर तिच्या दृष्टीनं पुढे खड्डा आहे. फाळका आणि धक्का (जनावरं चढवायचा चौथरा) यांच्यात चार बोटांची फट असेल, फळी पायाखाली हलत असेल, पत्रा वाजत असेल, ताडपत्रीचं टोक फडफडत असेल, तर यातलं एक कारणही तिला पुरतं. मागच्या उन्हाळ्यात बाजारात एका म्हशीला चौघं ओढत होते. ती फाळक्याच्या कडेपर्यंत यायची, मान खाली घालायची, फुस्स करायची आणि मागे सरायची. फटीतून खालची डांबरावरची ऊन-सावली हलताना दिसत होती. आम्ही फटीवर ओलं पोतं अंथरलं, वर मूठभर कडबा टाकला आणि सगळ्यांना दोन पावलं मागे घेतलं. तिनं पोतं हुंगलं, कडब्याची एक कांडी उचलली, एक पाय ठेवला, मग दुसरा, आणि कांडी चघळतच आत गेली. हातही लावावा लागला नाही.

म्हणून आधी गाडी तयार करा. बाजारात पक्का धक्का असेल तर गाडी त्याला टेकेपर्यंत मागे घ्या. धक्का नसेल तर रस्त्याकडेचा बांध, मातीचा उंचवटा शोधा. अर्धा फूट उंचीचा फरक राहिला तर चालतो. सरळ उभी फळी लावून म्हशीला चढायला लावू नका. उतार जितका लांब आणि सपाट तितका चांगला, आणि फळीवर आडव्या पट्ट्या हव्यातच. हौद्याच्या पत्र्यावर काथ्याची चटई किंवा लाकडी फळ्या आणि त्यावर पाचटाचा जाड थर. नुसतं पाचट पुरत नाही. शेण-मूत झालं की पत्र्यावरून ते खुरांसकट घसरतं.

बरोबर पारडू असेल तर ते आधी चढवा, म्हणजे ते आईला समोर दिसतं. त्याचा कप्पा वेगळा ठेवा. एकानं पुढे राहून म्होरकीची, म्हणजे तोंडाभोवती बांधलेल्या दाव्याची, दोरी सैल धरायची, खेचायची नाही. दुसऱ्यानं मागे, पण थेट शेपटीमागे नाही. तिला दिसेल असं खांद्याच्या तिरकस बाजूला उभं राहायचं आणि एक पाऊल पुढे टाकून थांबायचं. बाकीच्या सगळ्यांनी लांब जायचं आणि गप्प बसायचं. बघ्यांचा आरडाओरडा तिला काठीइतकाच लागतो. पाच मिनिटं थांबावं लागलं तर थांबा. टेम्पोवाला घाई करेल, त्याला चहाला पाठवा.

आणि हे अजिबात करू नका: शेपटी पिरगाळू नका, पराणी टोचू नका, डोळ्यांत मिरची घालू नका. हे करणारे लोक बाजारात आहेत आणि ते "यानं पटकन चढते" असं सांगतात. पटकन चढते ती भेदरून, आणि भेदरलेली म्हैस हौद्यात उड्या मारते. शेपटीचं हाड मोडलं की ते तसंच जुळून वाकडं राहतं. ज्यानं तुमच्यासमोर शेपटीला हात घातला त्याला तिथेच थांबवा, मग तो विकणारा असो, दलाल असो की तुमचा पाहुणा.

बांधताना वेसणीला कधीच बांधू नका. पाय घसरला की सगळा भार नाकावर येतो आणि नाकपुडी फाटते. म्होरकीला बांधा, तोंड केबिनकडे करून, छातीच्या उंचीवर. नियमही जनावराचं तोंड शक्यतो इंजिनाकडे ठेवायला सांगतात. दोरी इतकी की मान नेहमीच्या उंचीवर राहील, पण पुढचा पाय तिच्यात अडकणार नाही. गाठ एका हिसक्यात सुटणारी हवी, आणि सांभाळणाऱ्याच्या खिशात कोयता नाही तरी एक धारदार चाकू हवाच. पाय बांधणं, दोन म्हशींची मुंडकी एकमेकींना बांधणं, हे प्रकार बंद.

प्रवासाचं फार नाही. उन्हाळ्यात बाजार उरकून भर दुपारी निघू नका. म्हशीची कातडी काळी, घाम कमी, त्यात तळेगाव चौकात गाडी अडकली की हौद्याची भट्टी होते. सावलीत थांबा, अंगावर पाणी मारा, ऊन कलल्यावर निघा. गाडीत पाण्याचा कॅन ठेवा. सासवडकडे जाताना दिवे घाटात किंवा साताऱ्याकडे खंबाटकीत ड्रायव्हरला वळणाआधीच वेग कमी करायला सांगा, वळणात ब्रेक नको. दर तासा-दीड तासानं थांबून आत बघा. एखादी खाली बसली असेल आणि जागा पुरेशी असेल तर बसू द्या. पाय अडकून पडली असेल तर दोरी लगेच सोडा. वाटेत काही बिघडलं तर १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा क्रमांक आहे.

उतरवताना तीच फळी, तोच उतार, तेवढाच वेळ. उडी मारायला लावू नका. उभं राहून आखडलेले पाय उडीतच मुरगळतात.

घरी आल्यावर आधी सावली, मग थोडं थोडं पाणी, मग वैरण. पेंड दुसऱ्या दिवशी. तीन आठवडे तिला गोठ्यातल्या जनावरांपासून लांब बांधा, तिची बादली वेगळी ठेवा आणि पहिला आठवडाभर सकाळ-संध्याकाळ ताप बघा, कारण प्रवासाच्या ताणानंतर घटसर्प उचल खातो आणि म्हशीला तो फार लवकर नेतो. गळ्याला सूज दिसली किंवा श्वासाला घरघर लागली तर त्याच तासाला डॉक्टर बोलवा. त्या आठवड्यातच गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन कानातल्या बिल्ल्याची नोंद आपल्या नावावर करून घ्या आणि घटसर्प, लाळ्या-खुरकूत, लम्पी यांपैकी कोणती लस राहिली आहे ते विचारा.