हेडसेट घेताय? आधी चष्मा काढा: विमानाच्या हेडसेटबाबत या चुका टाळा

नवा वैमानिक सगळ्यात महागडा एएनआर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सने गोंगाट कमी करणारा, हेडसेट घेतो आणि पंधरा दिवसांत तक्रार घेऊन येतो, "सर, याचं नॉइज कॅन्सलिंग चालतच नाही." मी हेडसेटकडे बघतही नाही. आधी त्याच्या चष्म्याकडे बघतो.

एका विद्यार्थ्याने असाच हेडसेट दोनदा दुरुस्तीला पाठवला. दोन्ही वेळा "दोष आढळला नाही" असा शेरा घेऊन तो परत आला. तिसऱ्यांदा पार्सल बांधायच्या आत मी त्याला विमानात बसवलं, इंजिन सुरू केलं आणि गॉगल काढायला सांगितलं. बोटाएवढ्या जाड काड्यांचा, फॅशनचा गॉगल. तो काढला तसा आवाज निम्म्यावर आला आणि पठ्ठ्याचा चेहरा पडला.

यात जादू काही नाही. हेडसेटच्या कान झाकणाऱ्या कपातला छोटा माइक आत शिरलेला आवाज टिपतो आणि स्पीकर त्याच्या उलट लहर सोडतो. पण हे जमतं ते इंजिन-प्रोपेलरच्या खर्जातल्या घरघरीपुरतं. वरच्या पट्टीचा आवाज अडवायचं काम कानाभोवतीच्या गादीचंच. चष्म्याच्या काडीने गादी उचलली की दोन्हीकडून बोंब. म्हणून उडताना मी बारीक, चपट्या काड्यांचाच चष्मा घालतो. हेडसेट चढवल्यावर गादीभोवती एकदा बोट फिरवून बघतो, कुठे फट राहिली का. फट दिसली की पट्टा आवळून बसणारेही आहेत. तासाभरात डोकं धरतं, मग दोष पुन्हा हेडसेटलाच.

दुकानातल्या शांततेत एएनआरचं बटण दाबून "वा!" म्हणणाऱ्यांना काय सांगावं? कुणाचा तरी मागून घ्या, तुमच्या विमानात, तुमच्याच चष्म्यासकट, किमान तासभर घाला. एवढा धीर नसेल तर निदान परत घेणाऱ्याकडूनच खरेदी करा.

दुसरी माझी लाडकी चूक म्हणजे बॅटरी. टेकऑफनंतर आम्ही वर चढत होतो. अचानक विद्यार्थ्याचा हात थ्रॉटलकडे गेला. "इंजिनचा आवाज बदलला!" म्हणत तो पॉवर कमी करणार, तेवढ्यात मी हात धरला. आरपीएम जागेवर, ऑइल प्रेशर ठीक. संपली होती ती हेडसेटची बॅटरी. एएनआर बंद पडल्यावर इंजिनचा खरा आवाज एकदम कानावर आदळला होता. बहुतेक हेडसेटमध्ये अशा वेळी रेडिओ आणि इंटरकॉम चालूच राहतात, घाबरायचं कारण नसतं. पण हे आधी माहीत हवं. मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सुरक्षित उंचीवर एएनआर मुद्दाम बंद करायला लावतो. जोडीला दोन ताजे सेल खिशात, बॅगेत नव्हे. मागच्या सीटवरची बॅग पायलटच्या हाताला लागत नाही.

बाकीच्या चुका किरकोळ, पण रोजच्या.

प्लग न बघता ऑर्डर देणे. छोट्या विमानांत सहसा दोन प्लग लागतात, एक ऐकायचा आणि एक माइकचा. हेलिकॉप्टरचा एकेरी प्लग त्यात बसत नाही.

एकाच कानात आवाज येतोय? हेडसेट परत करण्याआधी मोनो-स्टिरिओचा स्विच बघा.

माइक हनुवटीपाशी लोंबकळत ठेवणे. तो ओठांना जवळजवळ टेकलेला हवा आणि त्याची बोलायची बाजू ओठांकडे. माइकची दांडी डावीकडून उजवीकडे घेतली की माइक फिरवायचा राहतो, आणि टॉवरवाले "से अगेन" म्हणून थकतात.

गाणी ऐकायच्या हेडफोनवर भागवणे. यावर मी बोलणार नाही.

आणि "जुना झाला, आता आवाज अडवत नाही" म्हणत नवा घेणे. गाद्या दाबून बघा. कडक झाल्या असतील, चिरा पडल्या असतील तर तेवढ्याच बदला. माझ्या हेडसेटवर आता चौथी जोडी आहे.