प्लंबिंग शिकायचे तर ड्रेनेजपासून

इंदुरात प्लंबरचे काम करू पाहणाऱ्या नव्या मुलाने आधी इथल्या घरांचे पाणी समजून घ्यावे. नर्मदेचे पाणी शहरात १९७८ साली आले. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून ते सुमारे ७० किलोमीटर अंतर आणि माळव्याच्या पठाराचा चढ पार करून येते आणि पुष्कळ वस्त्यांत एक दिवसाआड सुटते. त्यामुळे घरोघरी जमिनीखाली हौद, मोटर, गच्चीवर टाकी आणि शिवाय बोरिंगची वेगळी लाइन असते. बोरिंगचे जड पाणी नर्मदेच्या लाइनीत शिरू नये म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) कुठे आणि कोणत्या दिशेने बसवायचा, हे ज्याला नीट समजते, त्याला सुदामानगर, लोकमान्यनगरसारख्या जुन्या वस्त्यांत दुरुस्तीची कामे मिळत राहतात.

आयटीआयमधला प्लंबरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा असतो आणि तो करावा, असेच मी सांगेन. आपल्या मराठी घरांत अजूनही ‘नोकरी बघ’ असे म्हटले जाते, पण सुपर कॉरिडॉर आणि बायपासकडे ज्या वेगाने इमारती उठत आहेत, तो पाहता कुशल हाताला काम शोधत फिरावे लागत नाही. प्रमाणपत्र हातात आले तरी पहिली दोन वर्षे एखाद्या जाणत्या मिस्त्रीच्या हाताखाली काढावीत.

नव्या मुलांचा ओढा चकचकीत नळ-शॉवर बसवण्याकडे असतो; माझ्या मते मात्र धंदा शिकवते ते ड्रेनेज. ११० मिलिमीटरच्या आडव्या पाइपला ४० ला १ असा ढाळ द्यायचा, म्हणजे ४ मीटर लांबीत १० सेंटिमीटर उतार. ढाळ कमी पडला की मैला साचतो आणि फार झाला की पाणी पुढे पळून मैला मागे राहतो. हा उतार नजरेने ठरवणारे मिस्त्री पुष्कळ आहेत. आपण मात्र दोरी आणि लेव्हल-ट्यूब, म्हणजे पातळी बघायची पाणी भरलेली पारदर्शक नळीच वापरावी. ट्रॅपमध्ये, म्हणजे वास अडवायला पाणी धरून ठेवणाऱ्या वळणात, निदान ५० मिलिमीटर पाणी थांबले नाही तर वास थेट घरात येतो, आणि तक्रारीचा फोन प्लंबरलाच येतो.

सीपीव्हीसीचा, म्हणजे गरम-थंड पाण्याच्या प्लास्टिक पाइपचा, जोड सोपा वाटतो, म्हणूनच त्यात घाई होते. पाइप काटकोनात कापून, आतबाहेरचा बुरा काढून, आधी कोरडाच फिटिंगमध्ये घालून पाहावा. साधारण एकतृतीयांश ते दोनतृतीयांश आत जाऊन तो अडला पाहिजे. मग सॉल्व्हंट लावून पाव फेरा देत दाबायचा आणि अर्धा मिनिट तसाच धरून ठेवायचा, नाहीतर पाइप हळूच मागे सरकतो. सॉल्व्हंट पुरता सुकल्यानंतर आणि प्लास्टर होण्यापूर्वी लाइन पाण्याने भरून, हवा काढून, हातपंपाने नेहमीच्या दीडपट दाबावर चाचणी घ्यावी. ठेकेदार घाई करतो, टाइल्सवाला दारात उभा असतो, तरीही गेजचा काटा स्थिर राहिल्याशिवाय भिंत बंद करू देऊ नये.

पैशांबाबत थोडेसेच. वर्षातले ९० दिवस बांधकामावर भरले असतील, तर बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करता येते. कारागिरांसाठीच्या २०२३ च्या विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत राजमिस्त्री आहे, प्लंबर नाही. म्हणून अवजारांसाठी कर्ज हवे असेल तर मुद्राची चौकशी करावी. स्वतंत्र ठेका घेताना भाव पाइपच्या फुटावर ठरला आहे की पॉइंटवर (नळ-शॉवरच्या दर जोडणीमागे), हे कागदावर लिहून घ्यावे, आणि भिंत बुजण्यापूर्वी मोजमाप करून ठेकेदाराची सही घ्यावी. त्याच वेळी टेप लावून भिंतीचे फोटो काढून घरमालकाला दिले, तर पुढे गीझर किंवा आरओ बसवणाऱ्याला ड्रिल कुठे मारू नये ते कळते, आणि ते काम बहुधा आपल्याकडेच येते.