पुनरुत्थान आणि ‘सत्तांवरचा विजय’: वाचताना या चुका टाळा

बायबलच्या नव्या करारातल्या कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातलं पंधरावं वचन ईस्टरच्या सुमारास हमखास वाचलं जातं. ख्रिस्तानं सत्ताधीशांना आणि अधिकाऱ्यांना नि:शस्त्र केलं, वधस्तंभावर त्यांच्यावर जय मिळवून त्यांची उघड धिंड काढली, असा त्याचा आशय. वचन दणकट आहे, आणि म्हणूनच ते नको तिथे सहज वापरलं जातं. पहिल्या चार-पाच शतकांतल्या ख्रिस्ती लेखकांनी या विजयाबद्दल काय म्हटलं ते वाचायचं असेल, तर पाय घसरण्याच्या काही जागा आधीच ओळखून ठेवाव्यात.

पंधरावं वचन चौदाव्याशिवाय वाचू नका

सगळ्यांत जास्त घोटाळा इथेच होतो. ‘सत्ता’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे भुतंखेतं येतात, आणि पुनरुत्थान म्हणजे जणू एखादी मोठी भूतबाधा उतरवण्याचा प्रकार होऊन बसतो. मूळ ग्रीक शब्द आहेत आर्खाय आणि एक्सूसियाय. हे कारभारातले शब्द. रोमकरांस १३:१ मध्ये एक्सूसियाय म्हणजे कर घेणारं, तलवार बाळगणारं सरकार. इफिसकरांस ६:१२ मध्ये त्याच शब्दांच्या रांगेत आकाशातले दुरात्मे येऊन बसतात. १ करिंथकरांस २:८ म्हणतं की या युगाच्या अधिकाऱ्यांना कळलं असतं, तर त्यांनी गौरवशाली प्रभूला वधस्तंभावर दिलं नसतं. हे अधिकारी म्हणजे येशूला मरणदंड देणारा रोमन सुभेदार पिलात आणि त्याच्याबरोबरचे, की त्यांच्या पाठीमागच्या अदृश्य शक्ती? वाद जुना आहे. माझं मत असं की रोमकरांस आणि करिंथकरांस ही पत्रं लिहिणाऱ्या पौलाला या दोहोंमध्ये रेघ ओढायचीच नव्हती. त्याच्या लेखी पाप ‘राज्य करतं’, मरणही ‘राज्य करतं’; रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय उघडून पाहा.

मग या सत्तांचं शस्त्र कोणतं? उत्तर चौदाव्या वचनात आहे: आपल्याविरुद्ध असलेला कर्जरोखा. तो रद्द करून वधस्तंभाला खिळला, असं पत्र सांगतं. सावकाराच्या हातातला कागदच फाटला, की त्याचा दरारा कशाच्या जोरावर टिकणार? इब्री लोकांस २:१४-१५ हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनं सांगतं. सैतानाची पकड म्हणजे मरणाचं भय, आणि त्या भयाची जन्मभराची गुलामगिरी. म्हणून वचनात ‘सत्ता’ शब्द दिसला की ती दिसते कशी हे शोधत बसू नका. ती माणसाला कशानं बांधते, ते पाहा.

याच्या उलट, दुरात्म्यांचा सगळा भाग ‘जुनी समजूत’ म्हणून खोडून टाकणं हीदेखील चूकच. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर रोममध्ये लिहिणारा जस्टिन मार्टर आपल्या वाचकांना सांगतो की खुद्द या शहरात ख्रिस्ती माणसं येशूच्या नावानं दुरात्मे काढतात. त्याच्या दृष्टीनं ही रोज डोळ्यांपुढे घडणारी गोष्ट होती. ती पटो वा न पटो, त्याच्या तोंडी आपलं मत घालू नये.

शुक्रवारी हार, रविवारी जीत अशी विभागणी

शुक्रवारी येशू वधस्तंभावर हरला आणि रविवारी उठून जिंकला, ही मांडणी प्रवचनात छान बसते, पण जुन्या लेखकांकडे ती अशी सापडत नाही. कलस्सैकरांसमधलं ‘धिंड काढली’ हे क्रियापद रोमन विजययात्रेचं आहे. सेनापती रथात, आणि लुटीबरोबर हरलेले लोक बेड्यांत, सगळ्या शहरासमोर. यरुशलेम पडल्यावर ७१ साली वेस्पासियन आणि टायटस यांची अशीच यात्रा रोममध्ये निघाली होती, आणि मंदिरातली सात फाट्यांची समई खांद्यावर घेतलेले सैनिक टायटसच्या कमानीवर आजही दिसतात. रोमच्या राज्यात वधस्तंभ हाही असाच जाहीर देखावा होता: विरोध करणाऱ्याला नागवं करून रस्त्याकडेला टांगायचं. पत्र हा देखावा उलटा फिरवतं. ज्याला टांगलं तो विजयी, आणि टांगणाऱ्यांचीच धिंड.

म्हणून दुसऱ्या शतकातले ख्रिस्ती लोक वल्हांडणाच्या (मिसरच्या गुलामीतून सुटकेच्या मूळच्या यहुदी सणाच्या) रात्री येशूचं मरण आणि उठणं एकत्रच साजरं करत. त्याच शतकातल्या सार्दीसच्या बिशप मेलितोचं त्या सणावरचं प्रवचन विसाव्या शतकात पुन्हा हाती आलं आणि १९४० मध्ये छापलं गेलं. त्याच्या शेवटाकडे ख्रिस्त स्वतः बोलतो. मरणाचा नाश करणारा, शत्रूवर जय मिळवणारा, अधोलोक तुडवणारा, बळकटाला बांधणारा तो मीच, असं म्हणतो. हा ‘बळकट’ मार्क ३:२७ मधल्या येशूच्या दाखल्यातला.

पण या प्रवचनाचाच दुसरा भाग वाचताना मन खट्टू होतं. मेलितो इस्राएल लोकांवर देवाच्या वधाचा आरोप ठेवतो. शत्रू पाप आणि मरण आहेत हे इतक्या सुंदर शब्दांत सांगणाराच शत्रूच्या जागी शेजारची माणसं बसवतो. या आरोपाची किंमत यहुदी लोकांनी पुढे शतकानुशतकं मोजली. ‘आपलं झगडणं रक्तमांसाबरोबर नव्हे’ हे इफिसकरांसचं वाक्य पाठ असूनही ही चूक होते, म्हणून ती मी सर्वांत धोक्याची मानतो. विजयाचं गाणं म्हणताना समोर कुठला समाज उभा केला जातोय, ते प्रत्येक वेळी तपासा.

गळाच्या उपमेला सिद्धांत समजणं

निस्साचा ग्रेगरी चौथ्या शतकाच्या शेवटी लिहितो की देवत्व देहाच्या आमिषात गळासारखं दडलं होतं, आणि शत्रूनं ते अधाशी माशासारखं गिळलं. ऑगस्टिन आपल्या प्रवचनांत वधस्तंभाला सैतानासाठी लावलेला उंदराचा सापळा म्हणतो. वाचक एक तर हसतो, नाहीतर ‘आद्य मंडळी (म्हणजे सुरुवातीचं चर्च) मानत होती की देवानं सैतानाला खंडणी दिली’ असं ठोक विधान करून मोकळा होतो.

मार्क १०:४५ मध्ये ‘खंडणी’ हा शब्द आहे. ती कोणाला दिली, हे तिथे सांगितलेलं नाही. ओरिजेन हा ख्रिस्ती विचारवंत तिसऱ्या शतकात विचारतो की ही देवाला तर दिलेली नसणार, मग त्या दुष्टाला दिली का? पण नाझियान्झसचा ग्रेगरी, म्हणजे निस्साच्या ग्रेगरीचा मित्रच, ईस्टरच्या प्रवचनात ही कल्पना संतापून झिडकारतो. लुटारूला खंडणी, आणि तीही प्रत्यक्ष देव? बापानं ती मागितली हेही त्याला पटत नाही. त्याआधी, १८० च्या सुमारास, लिओंचा बिशप इरेनियस म्हणून गेला होता की देवानं आपलं माणूस जबरदस्तीनं हिसकावलं नाही, समजावणीनं सोडवलं. चौथ्या शतकातला अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या लेखनात मरणाचं देणं फेडणं, यज्ञ आणि विजय हे सगळं एकाच परिच्छेदात नांदतं. १९३० मध्ये स्वीडनचे धर्मशास्त्रज्ञ गुस्ताफ आउलेन यांनी विजयाची कल्पना ही ख्रिस्ती धर्माची ‘अभिजात’ भूमिका म्हणून मांडली, तिचा उपकार मोठा आहे. तरीही तिच्या चौकटीत सगळ्यांना कोंबू नका.

आत्मा अमर म्हणून थांबणं

शरीर मरणाच्या ताब्यात राहिलं आणि आत्मा तेवढा निसटला, तर मरण हरलं कुठे? त्याला त्याचा वाटा मिळालाच की. आद्य ख्रिस्ती लेखक तर्तुल्लियन देहाला तारणाची बिजागरी म्हणतो, ते यासाठी.

अधोलोकाला नरक म्हणणं

मराठी बायबलचा ‘अधोलोक’ हा शब्द इथे फार कामाचा आहे. हेडिस म्हणजे मेलेल्यांचं ठिकाण. शिक्षेच्या गेहेन्नाशी त्याची गल्लत केली, की ख्रिस्त तिथे का उतरला हेच कळेनासं होतं. तो उतरला कारण आदाम तिथे होता. इस्तंबूलच्या खोरा या जुन्या चर्चमधल्या चौदाव्या शतकाच्या भित्तिचित्रात हे स्वच्छ दिसतं. दारं मोडून पडली आहेत, कुलपं नि खिळे विखुरले आहेत, एक काळी आकृती बांधलेली आहे, आणि ख्रिस्तानं आदाम-हव्वेला मनगट धरून वर ओढलं आहे. चित्रकारानं हातात हात दिलेला नाही. मेलेला माणूस आपण होऊन हात कुठून धरणार?

विजय झाला, मग अजून मरतो का?

हा प्रश्न वर्गात कोणी तरी विचारतंच, आणि तो दाबू नये. १ करिंथकरांस १५:२५-२६ म्हणतं की सर्व शत्रू पायाखाली येईपर्यंत त्यानं राज्य केलं पाहिजे, आणि शेवटचा शत्रू मरण. राज्य चालू आहे, शत्रूही शिल्लक आहे. अथनेशियस विजयाचा पुरावा म्हणून कबरीकडे बोट दाखवत नाही. पूर्वी मरणापुढे थरथरणारी माणसं, अगदी बायका आणि पोरंसुद्धा, आता त्याला हसतात, असं तो लिहितो. छळाच्या आठवणी तेव्हा ताज्या होत्या.

आणि विजयाचा तोरा मिरवायची इच्छा झालीच, तर एक गोष्ट करा. धिंड काढण्याचं ते क्रियापद नव्या करारात दोनच वेळा येतं. दुसरी जागा २ करिंथकरांस २:१४. देव आम्हाला ख्रिस्ताच्या विजययात्रेत सतत नेतो, असं पौल तिथे म्हणतो, आणि अनेक अभ्यासकांच्या मते तो स्वतःला रथात नव्हे, बेड्यांतल्या कैद्यांत पाहतो. त्यानंतर त्याच पत्राचा अकरावा अध्याय वाचा: पाच वेळा एकूणचाळीस फटके, तीन वेळा छड्या, एकदा दगडमार, तीन वेळा फुटलेलं जहाज, भूक, थंडी, आणि रोजची मंडळ्यांची काळजी.