सातारा हिल हाफ: चढ कसा पळायचा आणि उतार कसा

सातारा हिल हाफ मॅरेथॉन, म्हणजे साधारण २१ किमीची घाटातली रेस, पहिल्यांदा पळणाऱ्यांचं गणित बऱ्याचदा शहरातच चुकतं. पाय ताजे असतात, पावसाळी गार हवा, कडेला लोक टाळ्या वाजवतायत, मग आपण रोजच्या पेसने (वेगाने) सुटतो आणि यवतेश्वर घाट लागला की धाप. रूट जाऊन-येऊन आहे, म्हणजे साधारण निम्मं अंतर चढायचं आणि तोच रस्ता उतरायचा.

चढावर वॉचमधला पेस बघूच नका, दम बघा. एक छोटं वाक्य न अडखळता बोलता आलं पाहिजे, नाही आलं तर स्लो करा, मागचे पुढे गेले तर जाऊ देत. पावलं छोटी टाका पण पायांचा ठेका तोच ठेवा. कमरेतून वाकू नका, श्वास नीट घेता येत नाही, घोट्यापासून अख्खं अंगच जरासं पुढे झुकवा आणि नजर १०-१५ फुटांवर. वळणावर आतली कड जास्त खडी असते, पोटऱ्या भरल्या असतील तर थोडं बाहेरून जा. खूपच खडा तुकडा आला तर ३० सेकंद झपझप चाला, खरंच काही बिघडत नाही.

समजा सपाट हाफ तुम्ही २ तासात करता, तर वर जायला १ तास १० मिनिटं आणि खाली यायला १ तास धरा, म्हणजे २:१०. वर गेलेला वेळ उतारावर पूर्ण भरून निघत नाही हे आधीच मान्य करून टाका.

आता उतार, आणि माझ्या मते खरी रेस इथेच आहे. दम लागत नाही म्हणून सोपं वाटतं, पण प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात, म्हणूनच दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. लांब ढांगा टाकून टाचेवर आपटू नका, मागे रेलू नका, गुडघे किंचित वाकलेले, पावलं छोटी आणि पटपट, हात थोडे फाकलेले चालतील. याची सवय आधीच लावायला लागते, त्यामुळे रेसच्या ३-४ आठवडे आधी २-३ वेळा तरी मोठा उतार पळून घ्या, पुणेकरांना सिंहगडचा गाडीरस्ता आहेच, फक्त पहाटे जा, नंतर गाड्या वाढतात. आणि पाऊस असेल तर रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर पाय देऊ नका, ओल्या झाल्या की फार घसरतात.