अध्ययन अक्षमता: अडलेला प्रवेश असा मार्गी लागला

कोल्हापुरात एका विद्यार्थ्याचा पदवीचा अर्ज अडला तो खाजगी मानसशास्त्रज्ञाच्या पत्रावर. त्यात ‘डिस्लेक्सिया’ (वाचन-लेखनातली अध्ययन अक्षमता) होतं, अक्षमतेची टक्केवारी नव्हती. आरक्षणाला तीच लागते. दिव्यांग हक्क कायदा 2016, कलम 32: सरकारी व अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत किमान 5 टक्के जागा, पण अक्षमता किमान 40 टक्के प्रमाणित हवी. म्हणून आधी यूडीआयडीचा (दिव्यांगांचं केंद्रीय ओळखपत्र) ऑनलाइन अर्ज भरला, मग शासकीय रुग्णालयात तपासणी. सोबत शाळेच्या वह्या नेल्या: गाळलेले काने, उलटसुलट आकडे, सगळं जसंच्या तसं. हुशार मुलांची अडचण तिथंच दिसते. दिव्यांगत्वाच्या दाखल्यावरचं नाव दहावीच्या गुणपत्रिकेशी अक्षरन् अक्षर जुळवून घ्या. परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळेसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. तो प्रवेशासोबतच देऊन पोच घ्या.