श्या राजवंशावर लिहिताना या चुका टाळा

चीनचा पहिला राजवंश कोणता, तर श्या, काळ इ.स.पू. २०७० ते १६००. असं बिनधास्त लिहून मोकळे होऊ नका. या सनावळ्या कुठल्या शिलालेखातून आलेल्या नाहीत. चीन सरकारने १९९६ मध्ये कालगणनेचा प्रकल्प हाती घेतला, त्याच्या २००० सालच्या अहवालातला तो अंदाज आहे. तेव्हा 'सुमारे' हा शब्द गाळू नका.

याहून मोठी चूक म्हणजे एर्लितौ हीच श्यांची राजधानी, असं ठोकून देणं. हनान प्रांतात लुओयांगजवळचं हे ठिकाण १९५९ मध्ये श्यू श्यूशंग यांना सापडलं, आणि ते निघालेच होते श्यांचे अवशेष शोधायला! तिथे राजवाड्यांचे चौथरे आहेत, कासं ओतण्याचा कारखाना आहे, एका थडग्यात तर दोन हजारांवर पिरोजाचे तुकडे जुळवून केलेला ड्रॅगन मिळाला. काळही बराचसा जुळतो. पण श्या हे नाव कुठेच नाही. मडक्यांवर खुणा आहेत, त्या वाचता येत नाहीत. चीनमधले बहुतेक पुरातत्त्वज्ञ तरीही हे श्यांचंच शहर मानतात, बाहेरचे बरेच जण मानत नाहीत. लिहिताना दोन्ही बाजू द्या.

काही जण मग दुसरं टोक गाठतात: लेखी पुरावा नाही, म्हणजे सगळं थोतांड. श्यांनंतरच्या शांग राजवंशावरही असाच संशय घेतला जायचा. पुढे हनानमधल्या आन्यांगला शांगांची शकुन पाहण्याची कोरीव हाडं आणि कासवाची कवचं मिळाली. त्यांवरची राजांची नावं अभ्यासक वांग क्वोवेई यांनी १९१७ मध्ये सिमा चिआनच्या जुन्या इतिहासातल्या यादीशी ताडून पाहिली, आणि बहुतेक जुळली. मात्र शांगांचं खरं ठरलं म्हणून श्यांचंही खरं, असं होत नाही. श्यांना हरवून शांग गादीवर आले म्हणतात, पण त्यांच्या या हाडांवर श्यांचा स्पष्ट उल्लेख सापडलेला नाही.

श्यांचा संस्थापक मानल्या जाणाऱ्या, महापूर आवरणाऱ्या यू राजाचंही तसंच. ह्वांग हो नदीला इ.स.पू. १९२० च्या सुमारास प्रचंड पूर आला होता, असा दावा २०१६ मध्ये झाला; त्यावरही वाद आहे. आणि पूर सिद्ध झाला तरी यू सिद्ध होत नाही.

फोटो निवडतानाही जपून. वायव्य चीनमधल्या यिनच्वान शहराजवळचे मातीचे उंच सुळके 'श्या राजांच्या समाध्या' म्हणून सर्रास खपतात. ते पश्चिम श्या या तांगुत लोकांच्या राज्याचे आहेत, इ.स. १०३८ ते १२२७ मधले.